घाडींची एकशेवीस पावलं

ही हकिगत मी आजवर टाळत आलो. गिरणीच्या डिस्पेन्सरीतले कितीतरी किस्से मी लोकांना सांगितले आहेत. घरात सांगितले, डॉक्टर मित्रांत सांगितले, निवृत्तीच्या दिवशी व्यासपीठावरूनही सांगितले. हा सांगितला नाही. कुणी घाडींचं नाव काढेल अशी शक्यताच नव्हती, त्यामुळे गप्प राहणं सोपं होतं. आता वय इतकं झालं आहे की माझी अब्रू सांभाळून मला कुठे न्यायची नाही. म्हणून लिहितो.

"डॉक्टर, जरा खिडकीशी या," लेबर ऑफिसर वागळे म्हणाले.

दुपारची वेळ होती. कंपाउंडर जेवायला गेला होता. आमची डिस्पेन्सरी पहिल्या मजल्यावर, आणि तिची खिडकी लालबागच्या मोठ्या रस्त्यावर उघडायची. खालून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता. त्या वर्षांत मोर्चा ही रोजची गोष्ट झाली होती. तरी प्रत्येक वेळी लोक गॅलरीत यायचे. मसाला कांडणाऱ्या बायका कांडपाचं मशीन थांबवून उंबऱ्यात उभ्या राहायच्या. मिरचीचा खकाणा आणि घोषणा एकदमच वर यायच्या. आजही तिखटाचा वास आला की माझ्या कानात आधी घोषणा येतात.

वागळ्यांनी बोट दाखवलं. मोर्चाच्या शेपटाकडे महादेव घाडी होते. लाल कापडाच्या लांब फलकाची एक काठी त्यांच्या हातात होती. मान वर, तोंड उघडं, आवाज सगळ्यांत मिसळलेला.

"हाच ना तुमचा पायवाला?" वागळ्यांनी विचारलं.

"हो."

"ज्याला शंभर पावलं चालवत नाहीत?"

"ऐंशी," मी म्हणालो.

"मग हा फोर्टपर्यंत काय विमानाने जाणार?"

मोर्चा पुढे गेला. वागळे खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "मी तुम्हाला सांगत होतो. चार साचे आले, आणि सगळ्या खात्याचे पाय दुखायला लागले."

इथे थोडं मागचं सांगायला हवं.

साचा म्हणजे माग, कापड विणायचं यंत्र. आमच्या गिरणीत साळखात्यातला विणकर दोन साचे चालवायचा. दोन साच्यांच्या मध्ये उभं राहायचं, इकडचा धागा तुटला की इकडे वळायचं, तिकडचा तुटला की तिकडे. चालणं फारसं नसे. मग मालकांनी चार साच्यांची पद्धत आणली. आता विणकराला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सतत फेऱ्या घालाव्या लागत. थांबलं की कुठल्या तरी साच्यावर धागा तुटलेला असे आणि कापड बिघडत असे.

घाडी सतरा वर्षं साळखात्यात होते. मूळचे मालवणकडचे. बायको-मुलगा गावाला, स्वतः लालबागच्या एका चाळीत दहा-बारा गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहायचे आणि खाणावळीत जेवायचे. चार साच्यांची बातमी आली त्या सुमाराला ते पहिल्यांदा माझ्याकडे आले. माझ्याहून वयाने पंधरा वर्षं तरी मोठे. मी सत्तावीस-अठ्ठावीसचा, गिरगावातून ट्रामने येणारा, पांढऱ्या ड्रिलची पँट घालणारा डॉक्टर. मी त्यांना अरे-तुरे करायचो. तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही.

"काय होतंय रे?"

"पोटरेत गोळो येता, डॉक्टर."

"कधी?"

"चाललंय की येता. उभो रवलंय की जाता."

हे एवढंच ऐकून चांगल्या डॉक्टरला रोग कळतो. मलाही कळला. त्यात माझं चुकलं नाही. मी पावलावरची नाडी बघितली. उजव्या पायाला जेमतेम लागली, डाव्याला लागलीच नाही. पाऊल थंड होतं आणि नडगीवरचे केस झडलेले होते.

रोग साधा समजावून सांगतो. पायाला रक्त नेणारी नळी आतून अरुंद होते. चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या नळासारखं. बारीक धार येते. पिण्याचा तांब्या भरतो, पण कपडे धुवायला बसलं की पाणी पुरत नाही. माणूस बसलेला असताना पोटरीला ती बारीक धार पुरते. चालायला लागला की स्नायूला जास्त रक्त हवं असतं, ते मिळत नाही, आणि गोळा येतो. उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत मागणी कमी होते आणि दुखणं जातं. असा माणूस किती चालू शकतो हे आम्ही मोजतो, आणि त्यावरून नळी किती अरुंद झाली याचा अंदाज घेतो.

मी घाडींना खाली कंपाउंडात नेलं आणि भिंतीच्या कडेने चालवलं. मी बरोबर चालत मोजत होतो. एकशेवीस पावलांना ते थांबले. तोंडावर घाम. म्हणाले, "झाला." मी वहीत एकशेवीस लिहिलं.

"विडी ओढतोस?"

"ओढतंय."

"किती?"

ते हसले. "मोजूक नाय कधी."

"आजपासून बंद. एकही नाही. नाहीतर पाय कापावा लागेल."

विडीच्या बाबतीत मी कडक बोललो ते बरोबर होतं. त्या रोगात तंबाखूइतका मोठा शत्रू नाही. त्यांनी खिशातला विड्यांचा कट्टा काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि त्या दिवसापासून विडीला हात लावला नाही. हे मला तेव्हा खरं वाटलं नव्हतं. नंतर खात्री झाली.

पण पुढे मी जे सांगितलं ते चुकीचं होतं. मी म्हणालो, सहा आठवडे पूर्ण विश्रांती. कामाशिवाय चालायचं नाही. अंगात ताकद यायला हवी, म्हणून रोज दूध, दोन अंडी, भातावर तूप. आणि मासळी बंद.

घाडींनी मान वर केली. "मासळी बंद? मगे खावचा काय?"

"सांगितलं ना. दूध, तूप, अंडी."

"बांगडो पण नाय?"

"मासळी गरम पडते. नाही म्हणजे नाही."

मासळी गरम पडते हे माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. ते माझ्या आईचं मत होतं. आमच्या गिरगावच्या घरात कधी मासळी शिजली नाही, आणि आजारी माणसाला काय द्यायचं तर दूधभात, साजूक तूप, हे आम्हाला न शिकवता येत होतं. मी तेच अॅप्रन घालून, स्टेथोस्कोप गळ्यात टाकून एका मालवणी माणसाला सांगितलं. त्याला ते शास्त्र वाटलं. खरं सांगायचं तर मलाही.

सहा आठवड्यांनी घाडी आले. वजन सात पौंड वाढलेलं. मी खूश झालो. खाली नेऊन चालवलं. ऐंशी पावलांना थांबले.

हे मला कळेना. विश्रांती घेतली, खाल्लं-प्यायलं, विडी सोडली म्हणतो, आणि तरी चाळीस पावलं कमी? माझ्या मनात दोन शक्यता आल्या. एक, हा माझं ऐकत नाही. दोन, हा सोंग करतो. तिसरी शक्यता, की माझं सांगणंच चुकलं असेल, ती मनात आलीच नाही.

घाडींची मागणी एकच होती. कापडखात्यात, म्हणजे विणलेलं कापड तपासून घड्या घालतात त्या खात्यात, बसून करायचं काम मिळावं. त्यासाठी डॉक्टरची चिठी लागायची. चिठी मिळाली तर कायम नोकरी टिकली. नाही मिळाली तर चार साचे, आणि चार साचे झेपले नाहीत तर घर. घाडींना नोकरी टिकवायची होती ती नुसती स्वतःसाठी नाही. कायम कामगाराच्या जागी पुढे त्याच्या मुलाला घेतात अशी तेव्हा गिरणीत रीत होती. त्यांचा मुलगा गावात सातवीत होता.

चिठी लिहायची की नाही हे मी ठरवत असतानाच वागळ्यांनी मला खिडकीशी बोलावलं.

दुसऱ्या दिवशी घाडी डिस्पेन्सरीत आले. आवाज बसला होता, पण चेहरा उजळलेला.

"काल कुठे होतास?" मी विचारलं.

त्यांनी लपवलं नाही. "मोर्चाक गेल्लंय, डॉक्टर."

"कुठपर्यंत?"

"फोर्टापर्यंत! सगळे गेलाव. काय माणूस, काय माणूस! तुमी येवक् होया होतास."

"आणि पाय?"

"दुखलो. पण थोडो. सगळ्यांबरोबर चाललाव ना, कळाक नाय."

मी पुढचा प्रश्न विचारला नाही. इतकं अंतर कसं चाललास, मध्ये थांबलास का, किती वेळ लागला, यातलं काहीही नाही. मला राग आला होता. सोंग पकडलं गेलं म्हणून राग. आणि दुसरंही एक होतं, ते आज कबूल करतो. मुंबईसह महाराष्ट्र व्हावा असं मलाही वाटत होतं. ट्राममध्ये, घरी, कट्ट्यावर मी तावातावाने बोलायचो. पण मोर्चात मी एकदाही गेलो नव्हतो. गिरणीच्या नोकरीचं भय होतं. आणि हा पाय दुखणारा माणूस काठी धरून गेला, आणि मला वर म्हणत होता की तुम्ही यायला हवं होतं.

मी चिठी लिहिली. इंग्रजीत. सदर कामगार काल मैलोन्‌मैल मिरवणुकीत चालला आहे, त्याची तक्रार खरी वाटत नाही, तो चार साचे चालवण्यास फिट आहे. खाली सही. पाकीट बंद केलं.

आमच्याकडे पद्धत अशी होती की डॉक्टरची चिठी बंद पाकिटात घालून कामगाराच्याच हाती द्यायची. तो ती लेबर ऑफिसात पोचवायचा. आमची शिपायाची खेप वाचायची. मी पाकीट घाडींच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाले, "तुमचे उपकार, डॉक्टर."

मी म्हणालो, "जा."

घाडींनी चार साच्यांवर आठ दिवस काढले. नवव्या दिवशी दोन साच्यांवरचं कापड पूर्ण बिघडलं. साळखात्याच्या जॉबरने, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाने, त्यांना एका साच्याला टेकून उभं असलेलं बघितलं आणि वर कळवलं. वागळ्यांनी दोन पर्याय ठेवले, राजीनामा किंवा काढून टाकणं. घाडींनी राजीनाम्यावर अंगठा उठवला.

मला हे कळलं ते कंपाउंडरकडून. मी ऐकून घेतलं आणि खोकल्याच्या मिक्श्चरची बाटली हलवली. इतकंच.

महिन्याभरानंतरची गोष्ट. ट्राम बंद होत्या, म्हणून मी चिंचपोकळीवरून चालत घरी निघालो होतो. पुढे मोर्चा. गल्ल्यांतून माणसं येऊन मिळत होती, बाजूने पुढे जायला वाट नव्हती. मी मुकाट मागे चालू लागलो. म्हणजे मोर्चात गेलो म्हणायला हरकत नाही, पण गेलो तो असा, वाट नव्हती म्हणून.

थोडं चाललो आणि सगळे थांबले. पुढे नाक्यावर कुणीतरी घोषणा देत होतं. मोर्चा उभा राहून उत्तर देत होता. मग पुन्हा चाललो. पुन्हा थांबलो. कुठल्याशा चाळीतून बायकांनी पाण्याचे तांबे आणले होते, त्यासाठी थांबलो. पुढे समोरून येणाऱ्या दुसऱ्या घोळक्याला वाट देण्यासाठी थांबलो.

सवयीने मी पावलं मोजत होतो. रोज रोग्यांबरोबर चालून चालून ती सवय लागली होती. चाळीस पावलं, थांबा. पस्तीस, थांबा. एकदा साठ, मग चांगला मोठा थांबा. आणि तीही पावलं कसली, मुंगीची. पुढच्याच्या टाचेला पाय लागू नये अशी.

एकदाही ऐंशीचा आकडा आला नव्हता.

ऐंशी पावलांचा माणूस या मोर्चात फोर्टपर्यंत सहज जाऊ शकतो. पोटरीत गोळा यायच्या आत मोर्चाच थांबतो. तोच माणूस चार साच्यांमध्ये फार दिवस टिकणार नाही, कारण तिथे कुणी थांबत नाही. घाडींनी मला सगळं खरं सांगितलं होतं. "दुखलो, पण थोडो, सगळ्यांबरोबर चाललाव ना." रोगाचं याहून चांगलं वर्णन मी नंतरच्या आयुष्यात कुठल्या रोग्याकडून ऐकलं नाही.

मी मोर्चातून बाहेर पडलो आणि उलटा लालबागला गेलो. घाडींची खाणावळ मला ऐकून माहीत होती. अनसूयाबाई नावाची मालवणी बाई चालवायची. एका खोलीत तीस माणसांचं जेवण, दोन पंगती, पहिल्या पाळीची आणि दुसऱ्या पाळीची. मी दारात उभा राहिलो. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. कालवणाचा वास होता.

"घाडी आहेत का?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अहो-जाहो केलं, तेही त्यांच्या मागे.

"तुमी कोण?"

"गिरणीतला डॉक्टर."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तूपवालो डॉक्टर?"

मी मान हलवली.

"तो गेलो गावाक. पंधरा दीस झाले, धक्क्यावरसून बोटीत बसवलो तेका." मग पळी बाजूला ठेवून म्हणाल्या, "काय हो, तुमच्या घरात मासे खाल्लेला माणूस मेला काय कोण?"

"नाही."

"मगे? सतरा वर्सां माझ्याकडे जेवता तो. बांगडो नि भात. कधी आजारी नाय. तुमी काय ता तूप नि दूध सुरू केलास. बसून बसून प्वाट वाढला तेचा. जिनो चढताना मधी दोनदा बसूक लागलो."

"विडी ओढायचा का?"

"विडी सोडल्यान ती सोडल्यान. खोलीतले ओढीत, हो बाहेर जाऊन बसे."

मला वाटलं आपण काहीतरी बोलावं, म्हणून बोललो, "तरी चळवळीत बराच असायचा. मी बघायचो ना, प्रत्येक नाक्यावर फलक वाचत उभा."

त्या दिवसांत लालबाग-परळमध्ये नाक्यानाक्यावर काळे फलक असायचे. कुणीतरी सुंदर अक्षरांत खडूने ताज्या बातम्या लिहायचं, सभा कुठे, गोळीबार कुठे, कोण तुरुंगात. माणसं येता-जाता थांबून वाचायची. मी घाडींना गिरणी ते चाळ एवढ्याशा वाटेत तीन-तीन फलकांपुढे उभं बघितलं होतं. वागळ्यांनीही बघितलं होतं आणि घाडींच्या फायलीत 'चळवळ्या' असा शेरा होता.

अनसूयाबाई हसल्या. पण ते हसू बरं नव्हतं.

"तेका वाचूक खय येता? अक्षर येणा नाय तेका. पाय दुखलो की उभो रवता. मोकळो उभो रवलो तर लोक इचारतत, काय झाला, काय झाला. फलकाकडे उभो रवलो की कोण इचारना नाय."

राजीनाम्यावरचा अंगठा मला तेव्हा आठवला.

दुसऱ्या दिवशी मी वागळ्यांकडे गेलो.

"घाडीच्या केसमध्ये माझी चूक झाली. तो खरंच आजारी होता."

"कोण घाडी?"

मी सांगितलं.

"अहो, त्याने राजीनामा दिलाय. त्या जागी बदली कामगार घेतला. केस क्लोज."

"मी नवी चिठी देतो. मागची रद्द समजा."

वागळे वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टर, नवी चिठी दिलीत तर युनियन विचारेल, जुनी का दिली होती. मग तुमच्या बाकीच्या चिठ्ठ्या निघतील. तुमची कायमची ऑर्डर अजून आलेली नाही. घरी कोण कोण आहे तुमच्या?"

"आई, दोन बहिणी."

"मग लिहायचं असेल तर लिहून द्या. मी पुढे पाठवतो. अडवणार नाही."

मी डिस्पेन्सरीत परत आलो. कागद पुढे घेतला. तारीख लिहिली. खाली नाव लिहिलं, महादेव घाडी, साळखातं. तेवढ्यात एक रोगी आला. मग दुसरा आला. संध्याकाळी मी तो कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. तो कधीच पुरा झाला नाही. पहिली चिठी रागात लिहिली गेली, अज्ञानात लिहिली गेली, तिला काही सबब आहे. दुसरी न लिहिण्याला नाही. तेव्हा मला सगळं माहीत होतं.

नंतर मी गिरणी सोडली. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जनच्या हाताखाली सकाळी काम करू लागलो आणि संध्याकाळी दादरला स्वतःचा दवाखाना काढला. त्या सर्जनकडे पायाच्या नाड्या बंद झालेले रोगी रांगेने यायचे. ते सगळ्यांना एकच सांगायचे: चाला. दुखेपर्यंत चाला, दुखलं की थांबा, दुखणं गेलं की परत चाला. रोज. मी विचारलं, "सर, विश्रांती?" ते म्हणाले, "जखम असेल, काळं बोट असेल, तर विश्रांती. नाहीतर विश्रांतीने पाय झोपतो." मोठी नळी अरुंद झाली तरी आजूबाजूच्या बारीक नळ्या सवयीने कामाला लागतात, स्नायू थोड्या रक्तात जास्त काम करायला शिकतो. पण त्याला रोजचं चालणं लागतं. घाडी फलकांपुढे थांबत थांबत जे करत होते तेच औषध होतं. मी ते बंद करवलं, आणि वर सात पौंडांचं ओझं त्याच पायांवर चढवलं.

आहाराचंही तसंच. आज कुठलाही डॉक्टर अशा रोग्याला तूप कमी करायला सांगेल, भाजीपाला वाढवायला सांगेल, आणि बांगडा तळून नको पण कालवणात जरूर खा म्हणेल. अनसूयाबाईंच्या पंगतीत ते सगळं आधीच वाढलेलं होतं.

माझ्या धंद्यातला धडा विचाराल तर एवढाच, की रोगी किती चालला हे विचारून भागत नाही, कसा चालला हे विचारावं लागतं. प्रश्न दोन शब्दांचा आहे. तो विचारायला अर्धं मिनिट लागतं.

महाराष्ट्र झाल्यानंतर तीन-चार वर्षांनी असेल, दादरच्या दवाखान्यात एका संध्याकाळी घाडी आले. मी लगेच ओळखलं. अंगाने बारीक झालेले, केस पांढरे, खाली खाकी हाफपँट, हातात पिशवी.

"वळाखलास काय, डॉक्टर?"

"या, घाडी. बसा. पाय कसा आहे तुमचा?"

"बरो आसा. आत्ता परळापासून चलान् इलंय. मधी चार खेपे थांबलंय." त्यांनी चप्पल काढून पाऊल दाखवलं. डाव्या पायाचं धाकटं बोट नव्हतं. "ह्या गेला गावाक. काटो लागलो, चिघाळला. पण पाय रवलो. आमचा घर डोंगरात. पानयाक जावचा तर चढ, वाण्याकडे जावचा तर उतार. वळणावर थांबायचा, परत चलायचा. चलान चलान सुटलो."

मी पावलावर बोट ठेवलं. नाडी अजून बारीकच होती. पण पाऊल गरम होतं.

"मुलगा काय करतो?"

"हयच आसा. दुसऱ्या गिरणीत बदली. रोज दारावर उभो रवता. घेतल्यानी तर काम, नायतर परत. कायम होवक नाय अजून." मग त्यांनी पिशवीतून एक पुडकं काढलं. "सोलां हाडलंय तुमका. घरची आसत. मासळी तुमी खात नाय, म्हायत आसा."

मी आमसुलांचं पुडकं घेऊन टेबलावर ठेवलं.

मग ते म्हणाले, "तुमी चिठी दिल्लास ता मी इसराक नाय. तुमी तुमचा काम केलास. सायबान आयकल्यान नाय, तेका तुमी काय करतलास?"

त्यांना कधीच कुणी सांगितलं नव्हतं. ते बंद पाकीट त्यांनी स्वतः नेऊन दिलं होतं आणि इतकी वर्षं त्यात माझी शिफारस होती असं धरून चालले. बाहेर बाकावर पाच-सहा रोगी बसले होते. मी मनाशी म्हणालो, या गर्दीत नको. मी त्यांना चहा मागवला. विडी परत सुरू केलीत का विचारलं. ते म्हणाले, "नाव नको." मी त्यांना चालण्याचं पुन्हा एकदा समजावून सांगितलं, जे ते माझ्यापेक्षा चांगलं जाणत होते. त्यांनी मान डोलावून ऐकून घेतलं, नमस्कार केला आणि उठले. पुढच्या खेपेला आलात की निवांत बोलू, असं मी दारापर्यंत जाऊन म्हणालो. ते परत आले नाहीत. त्यांच्या मुलाचं नाव मी विचारून घेतलं नव्हतं, आणि कोणत्या गिरणीच्या दारावर तो उभा राहतो हेही नाही.

त्या संध्याकाळी चहाचा कप त्यांच्या हातात होता तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं: घाडी, साहेबाने ऐकलं नाही असं नाही. त्याने ऐकलं. त्या पाकिटात मी लिहिलं होतं की तुम्ही खोटं बोलता. तुम्ही खरं बोलत होतात. मला माफ करा.